शिरोड्याचे मीठ

मिरज, १३ एप्रिल १९८३

वीरण्णा,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. या खेपेला तो नाही. आधीच सांगते, म्हणजे शोधत बसणार नाहीस.

तू नांदेडला माणूस पाठवलास आणि त्याला माझ्या दाराला कुलूप दिसले. शेजारच्या साबेराने त्याला सांगितले की बाई गाडी घेऊन एकट्याच गेल्या, कुठे ते बोलल्या नाहीत. तिने खोटे सांगितले. मीच तसे सांगायला लावले होते. मी समुद्र बघायला निघाले आहे. आयुष्यभर शाळांमधून हिंडले, आधी शिकवायला, मग तपासायला. महाराष्ट्राचा किनारा फळ्यावर इतक्या वेळा काढला आहे की डोळे मिटून काढीन. ‘कोकणचा किनारा खडकाळ व दंतुर आहे’ हे वाक्य नांदेड-लातूरच्या पोरींकडून घोकून घेतले. एकीनेही दंतुर म्हणजे काय ते विचारले नाही. विचारले असते तर मी पुस्तकाकडे बोट दाखवले असते, कारण समुद्र मीही बघितलेला नव्हता. कॉन्व्हेंटमधल्या मदर आम्हाला इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे पांढरे कडे शिकवत. त्यांना निदान ते आठवत होते.

हे एक कारण. दुसरे तुला माहीत आहे.

रेणापूर रस्त्यावरच्या शेताचा तू गुरुपादप्पाशी सौदा केलास. शेताची रस्त्याकडची अर्धी बाजू माझ्या नावावर आहे. विधवा मुलीच्या पायाखाली काहीतरी असावे म्हणून अप्पांनी ती मला दिली. तुझी अर्धी मागे, नाल्याकडे. तिथे जायला माझ्यातून जावे लागते. म्हणून नुसत्या तुझ्या अर्ध्याला तो हात लावणार नाही. प्लॉट विकणारा असला तरी मूर्ख नाही. आणि तू मला एका शब्दाने न विचारता दोन्हींचा इसार घेऊन बसलास. लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आला, आणि ज्या रानात दोन वर्षे ज्वारी उगवली नाही तिथे तुम्हाला बंगले उगवताना दिसू लागले.

माझ्या अर्ध्यात अप्पा बसले आहेत. अव्वा बसली आहे. ‘आहे’ असेच लिहिते. आपण लिंगायत माणसाला आडवे करून जाळत नाही. खड्ड्यात आसनावर बसवतो, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातले इष्टलिंग ठेवतो, विभूती घालतो, मीठ घालतो, मग माती लोटतो. हे तुला सांगायला नको. तू समाजाचा पंच आहेस, दुसऱ्यांच्या मयतीत सर्वांत पुढे उभा असतोस.

त्या दिवशी तू तुझ्या बायकोसमोर, कमलम्मासमोर म्हणालास, “अक्का, मेल्या माणसाला किती जागा लागती? जित्यांना लागून राहिली आता.” कमलम्माने खाली बघितले. मी चहा संपवला आणि निघाले. तो चहा वाईट होता, हेही लिहून ठेवते.

अक्षय तृतीयेला पाया घालायचा मुहूर्त धरला आहे असे कळले. मुहूर्त धरणाऱ्याने माझी सही धरली नव्हती.

गाडीचे काम निघाल्यामुळे मिरजेला मुक्काम पडला आहे. उद्या घाट उतरते. उत्तर द्यायचे असेल तर ‘पोस्टमास्तर, मालवण यांच्यामार्फत’ असा पत्ता घाल. मी तिथे चौकशी करीन. सहीविषयी लिहिणार असशील तर तिकीट वाया घालवू नकोस.

शिवकांता


विजयदुर्ग, १८ एप्रिल

वीरण्णा,

गगनबावड्याचा घाट मी एकटीने उतरले. हे तुला अशासाठी सांगते की जिलानीने मला जीप शिकवली तेव्हा तू दुकानाच्या पायरीवर उभा राहून हसला होतास. जिलानी म्हणायचा, “बाईसाब, गाडी घाबरली तर मागं पळती. तुमी घाबरू नका, तिला बी घाबरू देऊ नका.” सरकारी जीप गेली, जिलानीही रिटायर झाला, पण घाटात प्रत्येक वळणावर तो शेजारी बसलेला होता.

समुद्र दिसला तेव्हा मला राग आला. खरेच सांगते. नांदेडहून निघाले त्या सकाळी आमच्या गल्लीत टँकरपुढे बायकांनी एकमेकींच्या घागरी फोडल्या होत्या. आणि इथे डोळा पोचेल तिथपर्यंत पाणी, त्यातले घोटभर पिता येत नाही. नव्या जिल्ह्यासारखेच. बघायला भरपूर.

दंतुर म्हणजे काय ते आता मला समजले आहे. समोर गाव दिसते, तिथल्या बाईने दोरीवर वाळत घातलेले लुगडे दिसते, पण मध्ये खाडी असते. त्या गावाला जायचे तर समुद्राकडे पाठ करून आत, पार आत, जिथे पूल असेल तिथपर्यंत जायचे आणि पुन्हा बाहेर यायचे. सगळा किनारा असा आहे. प्रत्येक चार कोसांवर तो तुम्हाला मागे पाठवतो. मला हे आवडले. आपल्याकडे सरळ रस्ते आहेत, म्हणून माणसांना वाटते की सरळ चालत गेले की सगळे आपलेच.

किल्ल्याच्या तटाखाली काळा खडक आहे आणि त्यावर लाटा अशा आपटतात की कानांत दडे बसतात. मी तिथे बराच वेळ बसले. उन्हात बसू नये असे मला कोणीतरी सांगितले आहे, पण सांगणारे पुष्कळ असतात.

खानावळवाल्या बाईने पहिल्याच दिवशी उलटतपासणी घेतली.

“खंयसून इलात?”

“लातूर-नांदेड.”

“ता खंय इला?”

“जिथे पाणी नाही तिथे.”

“गाडी तुमीच हाकतास? आणि घोव?”

“गेला. पुष्कळ वर्षे झाली.”

“आणि पोरांबाळां?”

मी म्हटले, तुमची पेज थंड होते आहे. ती हसली आणि पेज आणून ठेवली. मी इथे पेजच खाते. त्यांच्या माशांचा वास सोसत नाही, म्हणून.

इथे मातीचा थर पातळ आहे, खाली जांभा दगड. घरांसाठी तो चिरून काढतात. मी त्या बाईला विचारले की इथे माणसाला पुरायचे असेल तर काय करतात. ती म्हणाली, “पुरुचा कित्याक? आमी जाळतव.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “तुमी असा कित्याक इचारतास?” मी म्हटले, भावाने माझी जागा विकायला काढली आहे, म्हणून बाजारभाव बघते आहे. तिला ती थट्टा वाटली.

शिवकांता


कुणकेश्वर, २२ एप्रिल

वीरण्णा,

हे शंकराचे देऊळ समुद्राला इतके लागून आहे की भरतीच्या वेळी लाटेचे तुषार बाहेरच्या भिंतीपर्यंत येतात. आपल्या लोकांनी एवढे पाणी असलेला शंकर बघितलेला नाही. पुजाऱ्याने माझ्या गळ्यातले लिंग बघितले आणि काही न विचारता बाजूला सरकून जागा दिली. दुपारी मी भिंतीला टेकून बसले. वारा होता. ओठ पुसायला गेले तर जिभेला मीठ लागले.

म्हणून हे लिहिते. नाहीतर लिहिणार नव्हते.

पहिल्या पत्रात मी लिहिले की माझ्या अर्ध्यात अप्पा आहेत आणि अव्वा आहे. तिसऱ्या जागेचे लिहिले नाही. तूही सौदा करताना गुरुपादप्पाला दोनच दगड दाखवलेस. तिसऱ्या जागेवर दगड नाही, म्हणून ती मोजायची नाही असे दोघांचे ठरले असेल.

माझी गौरा तिथे आहे. चार वर्षांची होती.

आता तुझ्या आठवणीत जे पुसट झाले असेल ते मी लिहून देते. साल अठ्ठेचाळीस, आषाढ. हे क्षयाने गेले होते आणि देगलूरच्या सासरच्यांनी मला मुलीसकट परत पाठवले होते. रझाकारांच्या भीतीने अप्पा बार्शीला गेले होते. दुकान तुझ्या हातात. निजामाच्या राज्याची चारी बाजूंनी नाकेबंदी झाली होती आणि बाहेरून मीठ येत नव्हते. लोक वरणात चिंच जास्त घालून मिठाची चव विसरायला बघत होते. गौराला ताप आला. डॉक्टर गाव सोडून गेलेला. सकाळी मी तिला मांडीवर घेतले होते आणि दुपारी अव्वाने ती माझ्या मांडीवरून काढून घेतली.

जंगम स्वामी आले. ते म्हणाले, मीठ आणा.

अव्वा दुकानात आली. मी मागून आले होते, तुला दिसले नसेल. अव्वाने विचारले, “वीरा, मीठ हाय का?” तू म्हणालास, “दाणा न्हाई, अव्वा. कुठून आणू?” आणि अव्वा परत वळली. तिचा तुझ्यावर विश्वास होता, तू तिचा एकुलता मुलगा होतास.

मी तिथेच उभी होते. मागच्या खोलीला कुलूप होते आणि दाराखालून एक ओली काळी रेघ बाहेर आली होती. पावसाळ्यात मीठ पाझरते. ते पोत्यातून झिरपते, फरशीवरून वाहते, त्याला कुलूप कळत नाही. मी खाली वाकले, बोट लावले आणि चाखले.

माझ्या मुलीला मिठाशिवाय मातीत बसवले. स्वामींनी विभूती दुप्पट घातली आणि म्हणाले, चालते, अशा दिवसांत चालते. तू खांद्यावर पंचा टाकून उभा होतास. त्या पावसाळ्यात तुझे दुकान चांगले चालले.

तेव्हा बोलले नाही, कारण मुलीच्या मातीवर उभे राहून मिठासाठी भांडणारी बाई मला व्हायचे नव्हते. अव्वा होती तोवर तिच्यासाठी गप्प राहिले. बहात्तरच्या दुष्काळात अव्वा गेली. तिला अंघोळ घालायला एक घागर पाणी मिळवताना तारांबळ उडाली, जमीन इतकी कडक की पहारी वाकल्या. पण तू पोतेभर मीठ आणलेस, सगळ्या समाजाला दिसेल असे हातगाडीवरून. लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा. अव्वाने मला आधीच सांगून ठेवले होते की गौराच्या शेजारी बसव, माझा उजवा गुडघा पोरीला लागला पाहिजे. मी तसेच बसवून घेतले. तू विचारलेस, इतकी कडेला का? मी म्हटले, अव्वाची इच्छा.

गौराच्या दुसऱ्या बाजूची जागा माझी आहे. आम्हा दोघींच्या मध्ये ती. तुझ्या सौद्यात तू एवढेच विकलेस.

या पत्राचे उत्तर दिले नाहीस तरी चालेल.

शिवकांता


मालवण, २७ एप्रिल

वीरण्णा,

पोस्टात तुझे पत्र मिळाले. ते माझ्या पहिल्या पत्राचे उत्तर आहे, कुणकेश्वरचे तुला अजून पोचलेले नाही. त्यामुळे तू अजून जुन्याच आवाजात बोलतो आहेस.

तू लिहितोस, “दोन्ही दगड वाजतगाजत उचलून मठाच्या आवारात बसवू. वर छत्री बांधू. अप्पा-अव्वाचं नाव होईल. खाली आता काय राहिलंय अक्का? मातीच की.”

दगड हलवल्याने माणूस हलत असता तर तुझे काम सोपे होते. अप्पा छत्रीखाली जाणार आणि त्यांच्या डोक्यावर कोणाचा तरी संडास येणार. छत्रीवर तुझेही नाव घालणार असशील, ‘अर्पणकर्ते’ म्हणून.

पुढे लिहितोस, “अक्षय तृतीयेच्या आत ये. गुरुपादप्पा लई घाई करून राहिला. तू सही केलीस तर तुला नांदेडला चांगलं घर घेऊन देतो. म्हातारपणी एकटी कशाला राहतीस भाड्यानं?” मी भाड्याने राहते ते मला घर परवडत नाही म्हणून, असे तुला वाटते. माझे घर कुठे आहे ते मी कुणकेश्वरहून कळवले आहे.

इथेही नवा जिल्हा आहे. आपल्याहून वर्षभराने मोठा. पाट्यांवरचे जुने नाव खरवडून नवे रंगवले आहे आणि पावसाने जुने पुन्हा वर येते आहे. चहाच्या टपरीवर दोघे जण भांडत होते की कलेक्टर कचेरीजवळच्या जागेला काय भाव येणार. डोळे मिटले असते तर लातूर वाटले असते.

किनाऱ्यावरून समोर पाण्यातला किल्ला दिसतो. होडीवाल्याने बोलावले, मी गेले नाही. चढउतार आता झेपत नाही. ‘आता’ म्हणजे या उन्हात.

उद्या वेंगुर्ल्याकडे निघते. पुढचा मुक्काम शिरोडा. तिथे मिठागरे आहेत. पत्ता पोस्टमास्तर, शिरोडा.

शिवकांता


शिरोडा, ३ मे

वीरण्णा,

तुझी तार मिळाली. पोस्टमास्तरांनी वाचून दाखवली आणि म्हणाले, भाऊ फार मायेचे दिसतात.

“सहीची घाई नाही. तब्येत सांभाळ. सावकाश ये. वीरण्णा.”

मिठाबद्दल एक शब्द नाही. कुणकेश्वरचे पत्र तुला नक्की पोचलेले आहे. आणि अक्षय तृतीया तोंडावर आलेली असताना घाई नाही.

मी तार घेऊन सुरूच्या बनात जाऊन बसले. तुला घाई का नाही, हे समजायला मला वेळ लागला नाही. मिरजेला दवाखान्याच्या व्हरांड्यात कापडवाले निजामोद्दीन दिसले होते, बायकोला घेऊन आले होते. मी तोंड फिरवले, पण त्यांनी सलाम केला. भला माणूस. लातूरला परत जाऊन त्याने भलेपणानेच सांगितले असणार की तुमच्या अक्का कुठल्या वॉर्डाबाहेर बसल्या होत्या.

तर आता लपवण्यासारखे काही राहिले नाही. गाडीचे काम नव्हते. पोटात गाठ आहे. कापून उपयोग नाही असे डॉक्टर म्हणाले, आणि दिवाळीपर्यंतचे काही बोलायचे त्यांनी टाळले. मी हे तुझ्यापासून लपवले, कारण कायदा मला पाठ आहे. मूल नसलेल्या विधवेची बापाकडून आलेली जमीन बापाच्या वारसाकडे जाते. म्हणजे तुझ्याकडे. मी जिवंत आहे तोवर तुला माझी सही लागते. नंतर काहीच लागत नाही. तुला ते कळले आणि लगेच तू मायेचा झालास.

किंवा खरेच मायेचा झाला असशील. वीस वर्षे मी मुख्याध्यापिकांचे अहवाल वाचले आहेत, खरे कुठे आणि खोटे कुठे हे मला बहुतेक वेळा कळते. तुझ्या या तीन वाक्यांत कळत नाही. कुणकेश्वरचे पत्र वाचून तू मागच्या खोलीत जाऊन बसला असशील, असेही मी डोळ्यांपुढे आणून बघितले. ते चित्र मला नीट काढता आले नाही. पण सहा महिने वाट बघून त्याची परीक्षा घेण्याइतका वेळ माझ्याकडे नाही.

आज सकाळी मिठागरावर गेले. खाजणात चौकोनी वाफे केलेले असतात, त्यात समुद्राचे पाणी घेतात आणि ऊन ते पिऊन टाकते. तळाशी मीठ राहते. बायका ते फावड्याने ओढून ढीग करतात. इतके पांढरे की डोळ्यांत पाणी येते. मी तीन पोती मागितली. ढिगावरची बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बाई, आख्ख्या गावाचा लोणचा घालुचा आसा काय?”

मी म्हटले, “मुलीचे राहिले आहे.”

“लगीन?”

“नाही. त्याच्या नंतरचे.”

तिला काही कळले नाही, पण तिने हसणे थांबवले. दोघींनी पोती उचलून गाडीत ठेवली. एक मागच्या डिकीत, दोन मागच्या सीटवर. गाडी मागे बसली आहे. आंबोलीचा घाट चढताना ती घाबरणार, आणि मी तिला घाबरू देणार नाही.

समुद्र बघून झाला. फळ्यावर मी जी रेघ काढत होते ती चुकीची नव्हती, फक्त तिच्यात आवाज नव्हता. परत निघते.

शिवकांता


लातूर, १३ मे

वीरण्णा,

हे पत्र पोस्टाने नाही, जिलानीच्या हाती पाठवते आहे. त्याला पायरीवर उभे ठेवू नकोस. आत बोलाव.

मी मंगळवारपासून लातुरात आहे. तुझ्याकडे उतरले नाही. कमलम्माला सांग, तिच्यावर राग नाही.

बुधवारी मठात गेले. रस्त्याकडची माझी अर्धी जमीन मी मठाला दान देते, समाजाच्या रुद्रभूमीसाठी, असे स्वामींना सांगितले. नवा जिल्हा झाल्यापासून लातुरात जित्यांसाठी जागा सुटते आहे, मेलेल्यांसाठी कोणी सोडत नाही, हे त्यांनाच ठाऊक. गावातली जुनी भूमी तीन बाजूंनी दाबत आणली आहे. स्वामी म्हणाले, “वीरण्णांना विचारलं का?”

मी म्हटले, “त्यांनी मला विचारले होते का?”

ते थोडे हसले. काल दस्त झाला. सही मी रजिस्ट्रारसमोर केली. आता मी आज मेले तरी त्या तुकड्याचा वारस तू नाहीस. सगळा समाज आहे, आणि त्या समाजाचा तू पंच आहेस. उद्या कोणी त्या जागेला हात लावू लागला तर आडवे यायचे काम तुझे. तुझी मागची अर्धी तुझीच आहे. आता तिच्यात जायला रुद्रभूमीतून जावे लागेल. गुरुपादप्पाचे गिऱ्हाईक किती हौसेने जाईल ते त्यालाच विचार. इसार परत मागायला तो तुझ्याकडे येईलच.

आज पहाट उलटल्यावर ऊन तापायच्या आत शेतात गेले. जिलानीने दोन माणसे आणली होती. तुम्ही शेतभर फक्कीने प्लॉटच्या रेघा मारून ठेवल्या आहेत. एक रेघ अव्वाच्या दगडावरून गेली आहे. फक्की टाकणाऱ्याने दगडाला वळसा घालायचेही कष्ट घेतले नाहीत.

गौराची जागा मी दाखवली. अव्वाच्या उजव्या गुडघ्यापासून पुढे. तिला हलवले नाही, उघडलेही नाही. वरची वीतभर माती काढून घेतली, आणि मी पोत्याचे तोंड सोडले. पहिल्या ओंजळी मी घातल्या. मग वाकवेना, तेव्हा जिलानीने घातले. तो मुसलमान आहे म्हणून समाजातला कोणी हरकत घेणार असेल तर त्याने आधी सांगावे की अठ्ठेचाळीस साली तो स्वतः कुठे होता.

जिलानी म्हणाला, “बाईसाब, एवढं मीठ घातल्यावर इथं गवत बी उगणार न्हाई.”

मी म्हटले, “नकोच उगायला. म्हणजे जागा दिसत राहील.”

मग त्याने माती वर ओढली आणि पाठ फिरवून उभा राहिला. त्याच्या चष्म्याला धूळ लागली होती, तो बराच वेळ पुसत होता.

तेवढ्यात गुरुपादप्पा स्कूटरवरून आला. मठात गेले होते त्याची बातमी त्याला लागली नव्हती बहुतेक. “बाई, ह्ये काय चालवलंय?”

“मयत आहे.”

त्याने इकडेतिकडे बघितले. “कुणाची?”

“पस्तीस वर्षांपूर्वीची. जरा राहिली होती.”

त्याला वाटले, दुखण्याने माझे डोके फिरले. तो स्कूटर वळवून तुझ्या दुकानाकडेच गेला असणार, कारण थोड्या वेळाने तू आलास. तू रस्त्यावर बाभळीखाली छत्री घेऊन उभा राहिलास. आत आला नाहीस. मी गाडीच्या पायरीवर बसले होते. कॉन्व्हेंटमध्ये मदर छडीने पाठीला टोचून सांगायच्या, ताठ बसा, कोणी बघत नसले तरी ताठ बसा. म्हणून ताठ बसले होते. तुला वाटले असेल की मी तुला बघितले नाही. तू म्हातारा झाला आहेस वीरा. लांबून हुबेहूब अप्पांसारखा दिसतोस. मी मनात म्हटले, आला तर बसायला जागा देईन. तू छत्री मिटलीस, पुन्हा उघडलीस आणि गेलास.

आता देण्याघेण्याचे सांगते, मग जिलानीला जाऊ दे, त्याला गुडघ्याचा त्रास आहे.

शिरोड्याहून तीन पोती आणली. एक गौराचे, ते तिला पोचले. दुसरे माझे. ते जिलानीच्या घरी कोरडे ठेवले आहे, आणि माझी जागा आखून त्या दोन माणसांना दाखवून ठेवली आहे. त्या दिवशी तू आलास तर ये, नाही आलास तर स्वामी आहेत, आणि जिलानी आहे.

तिसरे पोते जिलानीच्या हातगाडीवर आहे. ते तुझे. अप्पांच्या डाव्या बाजूची जागा मी दस्तात तुझ्या नावाने राखून ठेवली आहे. तुझे मुलगे त्या वेळी कुठे असतील, कोणत्या भावात असतील, मीठ आहे म्हणतील की नाही म्हणतील, हे मला ठाऊक नाही. म्हणून आधीच आणून ठेवले.

मागच्या खोलीत ठेवशील तर खाली फळ्या घाल. पाऊस यायचा आहे. नाहीतर ते पाझरेल, आणि दाराखालून बाहेर येईल.

अक्का